आधी समेट, मग दान : ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा वाचताना

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रां’विषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यांतील निर्मळ विनोद, बोलीचा गोडवा आणि रेव्हरंड टिळकांचे हुबेहूब व्यक्तिचित्र ह्या तीन गुणांचा गौरव इतक्या वेळा झाला आहे की, त्यात नवी भर घालण्याचे धाडस प्रस्तुत लेखकासारख्या कारकुनाने करू नये हेच बरे. परंतु ह्या गौरवाच्या गर्दीत एक प्रश्न मागे पडलेला दिसतो. ज्या शास्त्राच्या आधारे टिळकांनी आपले घर सोडले, त्याच शास्त्राच्या कसोटीला त्यांचे ते घर सोडणे उतरते काय? आणि उतरत नसेल, तर ह्या ग्रंथात त्या अन्यायाची भरपाई कोठे व कशी होते?

हा प्रश्न मला ग्रंथालयात सुचला नाही. पनागरला आम्ही चारपाच मराठी कुटुंबे महिन्यातून एकदा कोणाच्या तरी घरी जमतो व काही वाचतो. जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या ह्या गावात मराठी पुस्तक मिळणे दुरापास्त. त्यामुळे कोणी सुटीवरून परतताना जे आणील त्यावरच आमची गुजराण असते. मागल्या पावसाळ्यात ‘स्मृतिचित्रे’ निघाली आणि वाचन बाजूला राहून वाद पेटला. एका वडीलधाऱ्या गृहस्थांचे म्हणणे, देवाची हाक आली म्हणजे माणसाने मागे वळून पाहायचे नसते. त्यांच्या सुनेने शांतपणे विचारले, “मामंजी, हाक एकट्यालाच ऐकू आली, पण घर दोघांचे मोडले. त्याचे काय?” ह्या प्रश्नाला त्या रात्री कोणीच उत्तर दिले नाही. हा लेख म्हणजे त्या उत्तराचा एक प्रयत्न होय.

प्रसंग तसा आपल्याच टापूतला आहे. १८९३ साली नारायण वामन टिळक नोकरीच्या निमित्ताने नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाशी त्यांच्या गोष्टी झाल्या. त्याने त्यांना नव्या कराराची एक प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांनी पुस्तक उघडले व ते मत्तयकृत शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी येऊन थांबले. पाचवा, सहावा व सातवा असे हे तीन अध्याय. त्यांनी टिळकांचे जीवन पालटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पत्नीला विश्वासात न घेता घेतला. ती कर्मठ घराण्यातील, पदरी लहान मूल असलेली, लिहिण्यावाचण्यात तेव्हा यथातथाच असलेली स्त्री होती.

आता ह्याच तीन अध्यायांतील पहिल्या अध्यायात एक सूचना आहे. तिचा आशय असा : तू आपले अर्पण घेऊन वेदीपाशी आला असशील आणि तेथे तुला आठवले की आपल्या भावाच्या मनात आपल्याविषयी काही आहे, तर अर्पण तेथेच ठेव, आधी जाऊन त्याच्याशी समेट कर आणि मग येऊन अर्पण वाहा. वाचकांनी ह्या सूचनेतील एक बारकावा ध्यानी घ्यावा. तुझ्या मनात त्याच्याविषयी राग असेल तर, असे येथे म्हटलेले नाही. त्याच्या मनात तुझ्याविषयी असेल तर, असे म्हटले आहे. म्हणजे दुखावणाऱ्याने दुखावलेल्याकडे चालत जायचे आहे. पूजा थांबली तरी चालेल, तो माणूस खोळंबता कामा नये. टिळकांचे अर्पण म्हणजे त्यांचे स्वतःचे जीवन. ते घेऊन ते वेदीपाशी गेले तेव्हा ज्या व्यक्तीच्या मनात त्यांच्याविषयी काही असणे अटळ होते, ती जळालपूरच्या गोखल्यांची मनू होती. ज्या प्रवचनाने ते ख्रिस्ती झाले, त्याच प्रवचनाची ही आज्ञा ख्रिस्ती होण्याच्या क्षणी त्यांच्याकडून पाळली गेली नाही. हे कटू वाटले तरी म्हटले पाहिजे.

ह्यावर आमच्या वडीलधाऱ्या गृहस्थांप्रमाणे कोणी म्हणेल की, शास्त्रात दुसराही स्वर आहे, आणि तो आहेच. मत्तयाच्याच दहाव्या अध्यायात आईबाप व मुले ह्यांच्यावर माझ्याहून अधिक प्रेम करणारा माझ्या योग्यतेचा नाही, ह्या अर्थाचे वचन आहे. मौजेची गोष्ट अशी की, मत्तयाच्या ह्या यादीत पत्नीचा उल्लेख नाही. तो आढळतो लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात. तेव्हा टिळकांची बाजू अगदीच निराधार नाही. शिवाय आधी सांगितले असते तर सोयऱ्याधायऱ्यांनी त्यांना अडवले असते हेही खरे. परंतु दहाव्या अध्यायाने पाचव्याचे ऋण फिटत नाही. ते फार तर लांबणीवर पडते. टिळकांच्या पुढील आयुष्याकडे आणि ‘स्मृतिचित्रां’कडे मी ह्या लांबणीवर पडलेल्या ऋणाची फेड म्हणून पाहतो.

येथे ह्या ग्रंथाचे वाङ्मयीन वेगळेपण स्पष्ट होते. मराठीत धर्मांतराच्या अनुभवाचे लेखन ‘स्मृतिचित्रां’च्या आधीही झाले होते. ‘यमुनापर्यटन’ १८५७ मध्ये लिहिणाऱ्या बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र आहे. पण ते जो गेला त्याचे आहे. शंका, शोध, वाद, निश्चय अशा पायऱ्यांनी ते चढत जाते आणि मागे राहिलेली माणसे त्यात त्या पायऱ्यांच्या कडेला उभी असतात. ‘स्मृतिचित्रे’ हे जी मागे राहिली तिचे पुस्तक आहे. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात प्रथमच दुखावलेली व्यक्ती उभी राहिली आणि तिने आपली जबानी स्वतःच्या भाषेत दिली. १९३४ ते १९३६ ह्या काळात हा ग्रंथ भागाभागाने प्रसिद्ध झाला तेव्हा टिळकांना जाऊन पंधराहून अधिक वर्षे झाली होती. प्रतिपक्ष उत्तर द्यायला हजर नव्हता. अशा वेळी सूड किंवा स्तुती ह्या दोनच वाटा सामान्य लेखकाला दिसतात. लक्ष्मीबाईंनी तिसरी वाट धरली.

ती वाट अशी की, अपराध पुरता सांगायचा, काहीही वगळायचे नाही. आणि सांगताना अपराध्याला माणूस म्हणून जिवंत ठेवायचे. टिळकांचा क्षणात भडकणारा व क्षणात विझणारा राग, हातात पैसा न टिकू देणारी उधळी उदारता, घरात उद्या काय शिजणार ह्याची बेफिकिरी, सारे येथे आहे. वियोगाच्या वर्षांतील तिची भ्रमिष्टासारखी झालेली अवस्थाही आहे. परंतु ज्या वाक्यात तक्रार आहे त्याच वाक्याच्या शेपटाशी हसू आहे. ह्या विनोदाला टीकाकारांनी बहुधा स्वभावाची देणगी मानले आहे. मला तो न्यायबुद्धीचा प्रकार वाटतो. जो अपराध विसरतो तो हसू शकत नाही, कारण हसायला काही उरतच नाही. जो अपराध कवटाळतो त्यालाही हसता येत नाही. आठवण शाबूत ठेवून डंख काढून टाकणाऱ्यालाच असे हसता येते. समेट ह्या शब्दाचा अर्थ ह्याहून वेगळा काय असणार?

ह्या समेटाचा क्रमही पाहण्यासारखा आहे. वियोगानंतर लक्ष्मीबाई नगरला पतीजवळ आल्या त्या ख्रिस्ती होऊन नव्हे. आपले सोवळे, आपला स्वयंपाक वेगळा ठेवून आल्या. टिळकांनी तो वेगळेपणा चालवून घेतला. धर्म एक व्हायच्या आधी संसार एक झाला. श्रद्धेची सक्ती हा समेटाचा मोबदला ठरला नाही, आणि माझ्या मते टिळकांच्या ऋणफेडीची सुरुवात येथेच आहे. जो न विचारता निघून गेला होता, तो आता विचारल्याशिवाय ओढत नव्हता. पुढे जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न तिने स्वतःच्या डोक्याने सोडवला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. पुस्तकाचा आरंभ आठवावा. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाल्यानंतर तिच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले, त्या वेडात बाजारातून आलेले धान्यही धुऊन घेतले जाई. त्या घरातील मुलगी पुढे अनाथ पोरांनी भरलेले घर चालवते. ह्या दोन टोकांमधील अंतर म्हणजेच ह्या ग्रंथातील श्रद्धा होय.

ग्रंथाची उणीवही येथेच आहे, आणि ती सांगितली नाही तर हे परीक्षण एकांगी होईल. जातीचा विटाळ कसा गळून पडला हे लक्ष्मीबाई जेवढ्या तपशिलाने सांगतात, तेवढ्या तपशिलाने ख्रिस्तावर विश्वास कसा बसला हे सांगत नाहीत. शोधक वाचकाला तेथे एक पोकळी जाणवते. टिळकांच्या निधनानंतरचे कथनही पूर्वार्धाइतके बांधीव नाही. ज्याच्याशी झगडायचे आणि जुळवायचे तो माणूसच गेल्यामुळे त्यातील ताण ओसरतो. पहिली उणीव मात्र मला पुढे पुढे उणीव वाटेनाशी झाली. लूकाच्या एकोणिसाव्या अध्यायात जक्कय नावाचा जकातदार आहे. तो आपल्या श्रद्धेचे वर्णन करीत नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले असेल त्याला चौपट परत करीन म्हणतो. तेवढ्यावर त्याच्या घरी तारण आले, असे त्याला सांगण्यात येते. लक्ष्मीबाईंची श्रद्धा ह्या जातीची आहे. ती कबुलीत सापडत नाही, व्यवहारात सापडते.

ऋणफेडीचा शेवटचा हप्ता मात्र साहित्यात पडला आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभले आणि दहाएक अध्याय लिहून १९१९ मध्ये ते निवर्तले. पुढील मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. जिला न विचारता हे अर्पण वेदीपाशी नेले गेले होते, तिच्याच हातांनी ते पुरे व्हावे, ह्याहून बोलकी गोष्ट मला ह्या दोघांच्या चरित्रात दिसत नाही. पाचव्या अध्यायातील क्रम येथे जणू उशिराने पाळला गेला : अर्पण अर्धे राहिले, समेट झाला, आणि मग ते दोघांचे म्हणून वाहिले गेले.

हे सारे लिहिण्यास मी अधिकारी आहे असे नाही. मी जन्माने व आचाराने ख्रिस्ती नाही. पण त्या रात्री वाचन आटोपून घरी आल्यावर मला आमच्या घरच्या गणपतीची आठवण झाली. वडिलोपार्जित घराच्या वाटणीवरून थोरल्या भावाशी माझे बोलणे सहा वर्षे बंद आहे. चूक कोणाची हे सांगत बसत नाही. त्याच्या मनात माझ्याविषयी काही आहे, एवढे मला पुरते ठाऊक आहे. तरी दर भाद्रपदात माझ्या वाट्याची रक्कम मी न चुकता त्याच्या खात्यात भरतो आणि सोबत एक शब्दही पाठवीत नाही. आपण कर्तव्याला चुकलो नाही ह्याचे समाधान मला आजवर होते. ‘स्मृतिचित्रां’नी ते हिरावून घेतले.

बदलीवर राहणाऱ्या आपणां सर्वांची ही सोय असते. अंतर हे सबबीसारखे वापरता येते. घरचे भांडण घरी राहते, आपण परमुलखात सज्जन म्हणून वावरतो आणि वर्षाकाठी पैसे पाठवून देवाधर्माचे देणे चुकते करतो. रेव्हरंड टिळकांसारख्या थोर माणसालाही जे आधी करायचे ते नंतर करावे लागले. पण त्यांनी ते केले, आणि ज्या बाईचे देणे होते तिने त्याची पावती चार भागांत लिहून ठेवली. मराठीतील हा ग्रंथ थोर आहे तो केवळ त्याच्या भाषेमुळे नव्हे. क्षमा म्हणजे विसरणे नव्हे आणि न्याय म्हणजे सूड नव्हे, ह्या दोन्ही गोष्टी त्याने एकाच संसारात दाखवून दिल्या म्हणून तो थोर आहे.

आमच्या त्या सूनबाईंना मी एवढेच उत्तर देऊ शकतो की, हाक एकट्याला ऐकू आली हे खरे. पण तिचे उत्तर दोघांनी मिळून दिले, तेव्हाच ते पुरे झाले. भाद्रपदाला अद्याप अवकाश आहे. ह्या वर्षी पैशांच्या आधी पत्र जाईल.