'सिटी ऑफ गॉड' : प्रेक्षक "एकदम खरा" म्हणतो तेव्हा तो काय मोजत असतो?

आज प्रयोगशाळेतून थोडं बाहेर येऊया आणि एका सिनेमाबद्दल बोलूया. सिनेमा जुना आहे, पण त्याच्याबद्दल लोक जे बोलतात त्यात संशोधन पद्धतीचा एक चांगला धडा दडलेला आहे. पेट किंवा नेटची तयारी करताना वैधता, विश्वसनीयता, नमुना निवड हे शब्द आपण पाठ करतो. ते प्रत्यक्षात कुठे अडकतात हे इथे नीट दिसतं.

सिनेमा आहे 2002 चा 'सिटी ऑफ गॉड'. दिग्दर्शक फर्नांडो मेइरेलेस, सहदिग्दर्शिका कातिया लुंड. रिओ द जानेरोच्या सिदाजी जी देउस नावाच्या वस्तीत 1960 च्या दशकापासून 1980 च्या सुरुवातीपर्यंत पोरंटोरं गुन्हेगारीत कशी ओढली जातात, अमली पदार्थांचा धंदा कसा उभा राहतो आणि शेवटी आठ-दहा वर्षांच्या मुलांच्या हातात पिस्तूल कसं येतं, याची ही गोष्ट. ब्राझीलमध्ये तीस लाखांहून जास्त लोकांनी तो थिएटरात पाहिला. 2004 साली ऑस्करची चार नामांकनं मिळाली. आयएमडीबीवर आजही दहापैकी साडेआठच्या आसपास गुण आहेत.

आता बघा, या सिनेमाबद्दल सगळ्यात जास्त ऐकू येणारं मत कोणतं? "एकदम खरा वाटतो." त्यानंतरचं मत, "हिंसा जरा जास्तच देखणी करून दाखवली आहे." आणि तिसरं, जे आपल्याकडे क्वचितच पोहोचतं, "आमची वस्ती अशी नाही." ही तीन मतं आपण एकाच तराजूत टाकतो आणि सरासरी काढतो. माझं म्हणणं असं की गडबड तिथेच होते.

बफरशिवाय मीटर

मी रसायनशास्त्राची, म्हणून उदाहरण तिथलंच देते. पीएच मीटर वापरण्याआधी आपण त्याला 4, 7 आणि 10 पीएचच्या बफर द्रावणात बुडवून कॅलिब्रेट करतो. हे केलं नाही तरी मीटर आकडा दाखवतोच, आणि तोही दोन दशांश स्थळांपर्यंत. फक्त त्या आकड्याचा अर्थ काय, हे कोणालाच सांगता येत नाही.

पुण्यात, पॅरिसमध्ये किंवा न्यू यॉर्कमध्ये बसलेला प्रेक्षक जेव्हा म्हणतो की रिओची वस्ती अगदी खरी दाखवली आहे, तेव्हा त्याचा बफर कोणता? तो तिथे कधी गेलेला नसतो. मग "खरा" हे तो कशाशी ताडून पाहतो? बहुतेक वेळा आधी पाहिलेल्या सिनेमांशी. हातात धरलेला, हलता कॅमेरा. ओळखीचा एकही चेहरा नाही. अभिनय शिकून आलेत असं न वाटणारी पोरं. या खुणा दिसल्या की आपण "खरा" असा शिक्का मारतो. म्हणजे आपण मोजतो ती शैली, आणि नोंदवतो ते सत्य.

हे पटत नसेल तर आपल्याकडचंच एक उदाहरण घ्या. 'स्लमडॉग मिलिनेअर' 2008 चा. त्यात सुरुवातीला पोलिस वस्तीतल्या पोरांचा गल्लीबोळांतून पाठलाग करतात. 'सिटी ऑफ गॉड'च्या सुरुवातीला पोरं कोंबडीच्या मागे धावतात. या दोन दृश्यांची तुलना अनेकांनी केली. पण जानेवारी 2009 मध्ये 'स्लमडॉग' भारतात लागला तेव्हा आपल्यातले बरेच जण चिडले. नावातल्या 'डॉग' शब्दावरून निदर्शनं झाली. गरिबी विकली, असं म्हटलं गेलं. धारावी म्हणजे फक्त घाण आणि गुंडगिरी नाही, तिथे कुंभारवाडा आहे, चामड्याचं काम आहे, भंगारातून माल काढणारा अख्खा उद्योग आहे, हे आपण हिरिरीने सांगितलं. बरोबरच होतं ते.

पण मुंबईबद्दलचा सिनेमा पाहून "असं नसतं हो" म्हणणारा तोच प्रेक्षक रिओबद्दलचा सिनेमा पाहून "किती खरं!" म्हणतो, तेव्हा फरक नेमका कुठे पडला? मुंबईसाठी त्याच्याकडे बफर होता, रिओसाठी नव्हता. "खरा वाटतो" हे मत चित्रपटाबद्दल जेवढं सांगतं, तेवढंच किंवा त्याहून जास्त प्रेक्षकाच्या अंतराबद्दल सांगतं.

मग वस्तीतल्या माणसाला विचारायचं?

साहजिक पुढची पायरी हीच. जो तिथे राहतो त्याचं मत प्रमाण मानावं. हेही वाटतं तेवढं सरळ नाही.

एमव्ही बिल हा रॅपर सिदाजी जी देउसचाच. चित्रपट गाजल्यानंतर काही महिन्यांतच त्याने जाहीर टीका केली. त्याच्या म्हणण्याचा रोख असा होता की सिनेमावाल्यांना नाव मिळालं, आणि वस्तीतल्या मुलांच्या माथी मात्र कलंक आला. हा आक्षेप नीट वाचा. प्रसंग खोटे आहेत, असं त्यात म्हटलेलं नाही. प्रश्न आहे परिणामांचा. त्या पत्त्यावर राहणाऱ्या पोराला उद्या नोकरी मागायला जायचं असतं. "खरा की खोटा" या आपल्या पट्टीवर हे मत बसतच नाही.

दुसरीकडे, या सिनेमातले बरेच कलाकार अशाच वस्त्यांमधले. विदिगाल वस्तीतल्या 'नोस दो मोरो' या नाट्यगटाच्या मदतीने मुलं निवडली गेली, त्यांची कार्यशाळा घेतली गेली आणि अनेक संवाद त्यांच्या उत्स्फूर्त बोलण्यातून आले. झे पेकेनो या खलनायकाचं काम करणारा लेआंद्रो फिर्मिनो तर त्याच वस्तीतला. म्हणजे "वस्तीतला माणूस" हाही एकच एक नमुना नाही. कोणी त्यात काम केलं, कोणी त्याचा निषेध केला, आणि दोघंही आतलेच.

सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे मूळ कथाच आतल्या माणसाची आहे. पाउलो लिन्स याच वस्तीत वाढला. अल्बा झालुआर या मानववंशशास्त्रज्ञ बाई तिथे गुन्हेगारीवर संशोधन करत होत्या, आणि लिन्स त्यांचा संशोधन सहायक म्हणून मुलाखती घ्यायचा. त्या कामातून 1997 ची त्याची जाडजूड कादंबरी आली आणि कादंबरीतून सिनेमा. तुमच्यापैकी जे क्षेत्रकार्य करणार आहेत त्यांनी ही साखळी लक्षात ठेवा. वस्ती, मुलाखत, कादंबरी, पटकथा, पडदा. प्रत्येक टप्प्यावर काहीतरी गाळलं जातं आणि काहीतरी ठळक होतं. शेवटी जे पडद्यावर येतं त्याला "खरं" म्हणताना आपण नेमक्या कोणत्या टप्प्याबद्दल बोलतोय?

देखणी हिंसा, हा आक्षेप

आता दुसऱ्या मताकडे. ब्राझीलमधल्या समीक्षक इवाना बेंतेस यांनी या प्रकारच्या सिनेमासाठी एक शब्दप्रयोग वापरला. ग्लाउबेर रोशा या दिग्दर्शकाने 1965 मध्ये 'भुकेचं सौंदर्यशास्त्र' मांडलं होतं. गरिबीवरचा सिनेमा प्रेक्षकाला टोचला पाहिजे, सुखाने पाहता येता कामा नये, हा त्याचा गाभा. बेंतेस म्हणाल्या, आता उरलंय ते भुकेचं सौंदर्यप्रसाधन. पोर्तुगीजमध्ये हे दोन शब्द यमकात बसतात, म्हणून वार अजून वर्मी लागतो.

हा आक्षेप मला अर्धा पटतो. सुरुवात आठवा. सुरीला धार लावली जातेय, सांबा वाजतोय, कोंबडी निसटते आणि कॅमेरा तिच्यामागे धावतो. दृश्य इतकं चपळ आहे की पिस्तूल घेतलेली पोरं आपल्याला गंमत वाटतात. मेइरेलेस जाहिरातीतून आलेले, आणि ते इथे दिसतं.

पण याच सिनेमात याच्या अगदी उलट दृश्यं आहेत. झे पेकेनोचे लोक दोन लहानग्यांना भिंतीशी गाठतात. गोळी हातात हवी की पायात, असं त्यांना विचारलं जातं. मग तिसऱ्या एका पोराच्या हातात पिस्तूल देऊन यातला एक मार, असं सांगितलं जातं. इथे ती सगळी चपळाई जाते. कॅमेरा रडणाऱ्या चेहऱ्याजवळ येऊन थांबतो. इथे कोणालाही गंमत वाटत नाही.

तिसरं दृश्य एका खोलीचं. धंदा करणाऱ्यांची एक खोली, कॅमेरा एकाच कोपऱ्यात, आणि वर्षं सरतात तशी माणसं बदलतात, सामान बदलतं, मालक बदलतात. दोन-तीन मिनिटांत एका धंद्याची वंशावळ कळते. संशोधक म्हणून मला हे दृश्य सगळ्यात आवडतं. निरीक्षणाची जागा स्थिर ठेवायची आणि बदल मोजायचा, इतकं साधं.

थोडक्यात, हा सिनेमा स्वतःशीच भांडतो. ज्याने कोंबडी लक्षात ठेवली तो "देखणी हिंसा" म्हणतो, ज्याने भिंतीजवळची पोरं लक्षात ठेवली तो "अंगावर आलं" म्हणतो. दोघांनी एकच सिनेमा पाहिला, पण वजन वेगवेगळ्या प्रसंगांना दिलं.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही वस्ती आपोआप उगवलेली नाही. 1960 च्या दशकात शहरातल्या झोपडपट्ट्या हटवून लोकांना रिओच्या पश्चिम कडेला आणून टाकलं गेलं, कामधंद्यापासून लांब. सिनेमात हे निवेदनाच्या एक-दोन वाक्यांत उरकतं. माल विकत घेणारा मध्यमवर्ग एक-दोन पात्रांपुरता दिसतो. त्यामुळे सिनेमा पाहून बाहेर पडणाऱ्याला वाटतं, ही हिंसा त्या चार गल्ल्यांतच जन्मते आणि तिथेच मरते. तपशील खरे, चौकट अपुरी. आणि गंमत म्हणजे "एकदम खरा" म्हणणाऱ्याला ही चौकट दिसतच नाही, कारण तपशिलांनीच त्याचं समाधान झालेलं असतं.

दोन फोटो

शेवटाबद्दल मात्र श्रेय द्यायलाच हवं. निवेदक बुस्कापे, सबटायटलमध्ये ज्याला रॉकेट म्हटलंय तो, फोटोग्राफर व्हायच्या धडपडीत आहे. मधे एकदा त्याने काढलेले टोळीचे फोटो त्याला न विचारता वर्तमानपत्रात छापले जातात. त्याला वाटतं, आता आपण मेलो. झे पेकेनो उलट खूश होतो, कारण त्याला दिसायचंच असतं.

शेवटी बुस्कापेकडे दोन प्रकारचे फोटो असतात. एकात पोलिस झे पेकेनोकडून पैसे घेताहेत. दुसऱ्यात झे पेकेनोचं प्रेत आहे. पहिला छापला तर नाव होईल, पण जीव धोक्यात. तो प्रेताचा फोटो देतो आणि त्याला वर्तमानपत्रात काम मिळतं.

इथे सिनेमा स्वतःबद्दलच बोलतोय असं मला वाटतं. पोलिस आणि पैसा यांचा पुरावा खिशात राहतो, मेलेला गुंड पहिल्या पानावर जातो. वाचक तो फोटो पाहून काय म्हणणार? "एकदम खरा." आणि तो खरा आहेच, खोटं काही नाही त्यात. फक्त निवडलेला आहे. बुस्कापेला मी दोष देणार नाही, त्याला तिथेच राहायचंय. पण आपण जे उद्या प्रबंध लिहिणार, आपल्याही खिशात असे फोटो असणार आहेत. कोणता तक्ता प्रबंधात जाईल आणि कोणता परिशिष्टातही येणार नाही, हे कधी मार्गदर्शक ठरवतात, कधी अनुदान, कधी आपली भीती.

करून बघा

प्रेक्षकांच्या मतांवर कोणाला लघुप्रबंध करायचा असेल तर गुणांची सरासरी काढण्याआधी प्रत्येक मतापुढे चार रकाने आखा.

1. हे मत कशाबद्दल आहे? अचूकपणा, शैली की परिणाम? एमव्ही बिलचं मत तिसऱ्यात जातं, त्याला पहिल्यात कोंबू नका.
2. बोलणारा कशाशी तुलना करतोय? स्वतःच्या अनुभवाशी, बातम्यांशी की दुसऱ्या सिनेमांशी?
3. सिनेमा चालला किंवा बदनाम झाला तर त्याचं काय जातं?
4. त्याने उदाहरण म्हणून कोणतं दृश्य दिलं?

चौथा रकाना अजिबात सोडू नका. दृश्य विचारलं की "खरा वाटतो" हे गोल गोल मत एकदम हातात धरता येतं. आणि हो, जे मत देतात ते स्वतःहून देतात. ज्याला काहीच वाटलं नाही तो बोलत नाही, आणि ज्याला बोलायची सोय नाही तोही बोलत नाही. साडेआठ गुणांत हे दोघं नाहीत.

सिनेमा जरूर पाहा. शेवटच्या श्रेयनामावलीत माने गालिन्हा या पात्रामागच्या खऱ्या माणसाची जुनी टीव्ही मुलाखत येते, तोपर्यंत उठू नका. दोन तास पडद्यावर पाहिलेल्या पात्राच्या जागी तिथे एक साधा, दमलेला माणूस बोलताना दिसतो. ते पाहून झालं की आपला चौथा रकाना आधी स्वतःसाठी भरा, मग दुसऱ्यांना विचारायला जा.