पित्ताशयाचा कर्करोग आणि ‘४ ते ८ आठवडे’: पेपर कसा वाचायचा?

खड्यांसाठी पित्ताशय काढतात आणि काही दिवसांनी बायोप्सीचा रिपोर्ट येतो: कर्करोग. तो वरच्या थरातच (टी१ए) असेल तर झालेलं ऑपरेशन सहसा पुरतं. त्याहून खोल गेला असेल, तर लगतचं यकृत आणि लसिकाग्रंथी काढायला पुन्हा ऑपरेशन करतात. पण कधी?

२०१७ साली ‘जामा सर्जरी’मध्ये अमेरिकेतल्या १० संस्थांचा अभ्यास आला. दुसरं ऑपरेशन झालेले २०७ रुग्ण, तीन गट. ४ आठवड्यांच्या आत ऑपरेशन झालेले २५ जण. त्यांच्या जगण्याचा मध्यक १७.४ महिने. ४ ते ८ आठवड्यांत ९१ जण, ४०.४ महिने. ८ आठवड्यांनंतर ९१ जण, २२.४ महिने.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत लिहिलं होतं, ‘घाई केली तर आयुष्य कमी होतं.’ चुकलंच माझं.

आता तुम्ही विचारा, या २०७ जणांत कोण नाही? वाट बघताना ज्यांचा आजार पसरला, ते दुसऱ्या ऑपरेशनपर्यंत पोचलेच नाहीत. म्हणजे मधल्या गटाला चाळणी लागली, लवकरच्या गटाला कमी लागली. मग फरक घाईमुळे पडला की चाळणीमुळे? हा तक्ता ते सांगू शकत नाही. बरं, चाळणी सगळ्यात जास्त लागली ती शेवटच्या गटाला, तरी त्यांचा आकडा कमीच. म्हणजे उशिराचा धोका खरा असू शकतो. पण तेही इथे सिद्ध होत नाही.

दुसरी गोष्ट. तिन्ही गट टी स्टेज, लसिकाग्रंथी, उरलेला आजार यांत सारखे होते, असं लेखक म्हणतात. त्यांनी या घटकांचा हिशोब विश्लेषणातही धरला, ही जमेची बाजू. पण २५ जणांत फरक ‘सापडला नाही’ म्हणजे फरक ‘नाही’ असं होत नाही.

अभ्यास वाईट नाही. उरलेला आजार, टी स्टेज आणि लसिकाग्रंथी जगण्यावर परिणाम करतात, हे त्यातूनही दिसतं. फक्त ‘या काळात ऑपरेशन झालेले जास्त जगले’ आणि ‘या काळात ऑपरेशन केल्याने जास्त जगतात’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

म्हणून असा पेपर हातात आला की आधी दोन गोष्टी शोधा: अभ्यासात कोणाला घेतलं, आणि घड्याळ कधी सुरू केलं. पी-व्हॅल्यू नंतर बघा.