वचन कोणी निवडावे? डोनाल्ड कनूथ यांच्या शास्त्राभ्यासाविषयी

संगणकशास्त्रज्ञाने धर्मविषयावर लिहिलेला ग्रंथ हाती आला की आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात शंका उभी राहते. हा मनुष्य एक तर यंत्राच्या साह्याने देवाचे अस्तित्व सिद्ध करू पाहत असेल, नाही तर शास्त्रातील अक्षरे मोजून त्यांतून गुप्त भविष्ये काढीत असेल. डोनाल्ड कनूथ यांच्या बाबतीत ही शंका सर्वस्वी निराधार ठरते. त्यांच्या पद्धतीतील गुणदोष आपल्या प्रवचनाच्या व धर्मशिक्षणाच्या कार्याशी निगडित आहेत, म्हणून त्यांचा येथे परामर्श घ्यावासा वाटतो.

कनूथ यांचा जन्म १९३८ साली अमेरिकेतील मिलवॉकी येथे एका लूथरपंथीय कुटुंबात झाला. पुढे ते स्टॅनफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. संगणकाच्या आज्ञावलीचे शास्त्र विवरणाऱ्या त्यांच्या बृहद्ग्रंथाचा पहिला खंड १९६८ साली प्रसिद्ध झाला. गणिती मजकूर सुबक छापला जावा म्हणून त्यांनी 'टेक' नावाची अक्षरजुळणीची प्रणाली रचली. यंत्राविषयी त्यांची मते मात्र यंत्रभक्ताची नव्हेत. १ जानेवारी १९९० पासून त्यांनी ई-मेल वापरणे सोडले. ज्यांना सर्व घडामोडींच्या अग्रभागी राहावयाचे आहे त्यांना ते साधन उपयुक्त असेल, आपले काम मात्र तळाशी जाण्याचे आहे, अशी त्यांची भूमिका. आपल्या ग्रंथातील चूक प्रथम दाखवून देणाऱ्यास २ डॉलर ५६ सेंट देण्याचा त्यांचा प्रघातही प्रसिद्ध आहे. आपली चूक इतरांनी शोधावी म्हणून बक्षीस लावणारा ग्रंथकार आपल्या क्षेत्रातही विरळाच.

अशा मनुष्याने बायबलचा अभ्यास कसा करावा? मोठ्या व गुंतागुंतीच्या विषयाचे यथार्थ ज्ञान हवे असेल तर त्यातील काही नमुने बारकाईने तपासावे, परंतु ते नमुने तपासणाऱ्याने आपल्या आवडीने निवडू नयेत, हा त्यांच्या व्यवसायातील नियम. तोच त्यांनी शास्त्राला लावला. प्रत्येक पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायातील सोळावे वचन घ्यावयाचे, आणि अध्याय आखूड असेल तर पुढील अध्यायात मोजत जावयाचे. अशी एकोणसाठ वचने निघाली. प्रत्येकाविषयी त्यांनी नाना भाष्ये वाचली, स्वतः भाषांतर केले, त्या त्या पुस्तकाची ओळख लिहिली, आणि हेर्मान झाप्फ यांच्या साह्याने देशोदेशींच्या सुलेखनकारांकडून ती वचने रेखून घेतली. '३:१६' या नावाने हा ग्रंथ १९९० च्या सुमारास निघाला. १९९९ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत त्यांनी दिलेली सहा व्याख्याने २००१ साली ग्रंथरूप झाली. त्यांत या उपक्रमाची हकीकत त्यांनीच सांगितली आहे.

प्रथमदर्शनी हा खेळच वाटतो, आणि एका अर्थी तो आहेही. कनूथ यांना खेळांचे प्रेम आहे. गुहेत संचार करावयाच्या एका जुन्या संगणकीय खेळाची आज्ञावली त्यांनी १९९८ साली वाचनीय निबंधासारखी पुन्हा लिहून काढली. जॉन कॉनवे यांच्या ज्या नव्या संख्यापद्धतीचा खेळांच्या गणिताशी निकटचा संबंध आहे, तिच्यावर त्यांनी १९७४ साली एक कथाही प्रसिद्ध केली. खेळ या शब्दाने आपण बिचकू नये. नीतिसूत्रांच्या आठव्या अध्यायात ज्ञान देवासमोर खेळत असते. खेळाचे मर्म असे की, नियम आधी स्वीकारावयाचा आणि मग तो जेथे नेईल तेथे जावयाचे. मत्तीयाच्या निवडीच्या वेळी प्रेषितांनी चिठ्ठ्या टाकल्या त्या आपली आवड बाजूला राहावी म्हणून. वचनपेटीतून चिठ्ठी काढून तीत आजच्या दिवसाचे भविष्य पाहणे ही गोष्ट निराळी. कनूथ आपल्या वचनांतून भविष्य पाहत नाहीत, अभ्यास करतात. हा भेद धर्मशिक्षकांनी ध्यानात ठेवावा.

या नियमाने काय साधले? वाचकाची निवड हिरावली गेली. योहान ३:१६ सर्वांस मुखोद्गत असते. पण त्याच मापाने मोजता गणनेत लेवीयांची शिरगणती येते, पहिल्या इतिहासात वंशावळीचा एक तुकडा येतो, विलापगीतात खड्यांनी दात मोडल्याचा आक्रोश येतो, आणि ईयोबात प्रकाश न पाहिलेल्या मृत अर्भकाचा उल्लेख येतो.

या शेवटच्या वचनापाशी प्रस्तुत लेखकास थांबावे लागले. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामात एका तरुण स्त्रीचे मूल जन्मतःच मृत निघाले. मी सांत्वनास गेलो आणि नेहमीचे मेंढपाळाचे स्तोत्र वाचले. तिने शांतपणे विचारले, "फादर, माझ्या बाळासारख्या बाळाविषयी बायबलात काहीच नाही का?" मी स्वर्गाविषयी काहीतरी बोललो. ईयोबाचा तिसरा अध्याय मी विद्यार्थिदशेत अभ्यासला होता, परंतु त्या क्षणी तो मला आठवला नाही, कारण मी तो कधी कोणापुढे वाचला नव्हता. त्यात तिला तयार समाधान मिळाले नसते. पण आपल्यासारखा आक्रोश देवाच्या ग्रंथात जागा मिळवून बसला आहे, एवढे तरी तिला कळले असते. आवडीची वचने निवडण्याची आमची सवय अशी कोणाच्या तरी दुःखाला दार बंद करते.

येथवर कनूथ आमचे शिक्षक होत. परंतु त्यांच्या मापाविषयी एक मूलभूत आक्षेप घ्यावाच लागतो. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँगटन यांच्या नावाशी जोडली जाते. नव्या कराराच्या वचनांना आजचे क्रमांक १५५१ साली रॉबेर एत्येन या मुद्रकाने दिले. म्हणजे अक्षरजुळणीचा हा आधुनिक आचार्य ज्या मापाने शास्त्र मोजतो, त्यात एका जुन्या मुद्रकाचाही हात आहे! क्रमांक वचन शोधण्यासाठी आहेत, अर्थाच्या सीमा त्यांनी ठरत नाहीत. उत्पत्ती ३:१६ मध्ये स्त्रीच्या वेदना व पतीची सत्ता येते. त्याच्या लगेच आधीच्या वचनात सर्पाचे डोके ठेचले जाण्याचे अभिवचन आहे, ज्यास परंपरेने पहिली सुवार्ता मानले. माप एका अंकाने सरकले असते तर शापाऐवजी अभिवचन हाती आले असते. कनूथ पुस्तकाची ओळख देऊन ही उणीव भरून काढू पाहतात, परंतु ओळख म्हणजे कथेचा प्रवाह नव्हे.

मात्र हा आक्षेप घेताना आपले हात स्वच्छ आहेत काय? १९६९ च्या वाचनक्रमाने शास्त्राचे भांडार आपल्यासाठी पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक उघडले, हे खरेच. तरीही निष्कलंक गर्भसंभवाच्या सणाला, ८ डिसेंबरला, आपण उत्पत्ती ३ मधील नऊ ते पंधरा ही वचने वाचतो आणि एकदम विसाव्यावर जातो. सोळावे गळते. ईयोबाचा तिसरा अध्याय रविवारी कधीच येत नाही, दोन वर्षांतून एकदा साध्या वारी येतो. परिषदेनंतरच्या नित्यप्रार्थनेतून ५८, ८३ व १०९ ही स्तोत्रे पूर्णपणे वगळली गेली. ख्रिस्तसभेच्या निवडीमागे उपासनेचे वर्ष व विश्वासाचा क्रम असतो, म्हणून ती मुद्रकाच्या अंकापेक्षा श्रेष्ठ होय. पण श्रेष्ठ निवडीलाही पूरकाची गरज असते.

आणि हे पूरक कनूथ यांनीच पुढे शोधले, तेही संगीतात. ते स्वतः ऑर्गन वाजवतात. घरातही त्यांनी पाइप ऑर्गन बसवून घेतला आहे. १० जानेवारी २०१८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, स्वीडनमधील पीतेओ येथे त्यांची 'फँटाझिया अपोकॅलिप्टिका' ही रचना प्रथम सादर झाली. प्रकटीकरणाचे हे संगीतातील बहुतांशी शब्दशः भाषांतर असून त्यास चित्रफितींची जोड आहे. फँटाझिया हा मुक्त कल्पनेचा संगीतप्रकार असता त्यांनी तो मूळ ग्रीक संहितेला बांधून घेतला. येथे नमुना नाही. बावीस अध्याय क्रमाने येतात. सुरांनी शब्दांचे इतके काटेकोर अनुसरण केल्याने प्रार्थनेपेक्षा संकेतलिपीचाच भास होण्याचा धोका आहे. तरीही संपूर्ण पुस्तकाला शरण जाण्यातील नम्रता वाखाणण्याजोगी आहे. याउलट १९९८ च्या 'आर्मागेडन' या अद्भुतपटाने प्रकटीकरण १६:१६ मधून एक नाव तेवढे उचलले आणि त्याखाली पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या लघुग्रहाची कथा रचली. ग्रंथातून शब्द तोडून तमाशा उभा करणे ही चित्रपटाची रीत झाली, व व्यासपीठावरून आपणही ती कित्येकदा गिरवतो.

कनूथ यांच्या एकोणसाठ वचनांत दोन अशी आहेत की, ती या चर्चेचा निवाडा करतात. २ तीमथ्य ३:१६ सांगते की सर्व शास्त्र देवप्रेरित आहे. २ पेत्र ३:१६ बजावते की त्यात समजण्यास कठीण गोष्टी आहेत व अडाणी लोक त्यांचा विपरीत अर्थ करतात. पहिले वचन आपल्याला निवडीपासून रोखते, दुसरे घाईपासून. आमच्या धर्मशिक्षकांनी महिन्यातून एक तरी उतारा असा घ्यावा की जो त्यांना आवडत नाही, आणि तो घेताना त्याच्या आधीचे व नंतरचे पान अवश्य वाचावे. त्या तरुण स्त्रीच्या घरी मी पुन्हा गेलो तेव्हा ईयोबाचा तिसरा अध्याय बरोबर नेला. तिने तो स्वतःच्या हातात घेऊन वाचला. मी त्या वेळी काही बोललो नाही.