मुक्त लेखक कशापासून मुक्त?

आजचा विषय 'बदलत्या माध्यमांत मुक्त लेखनाचा व्यवसाय' असा छापलाय. यातल्या 'मुक्त' या शब्दापाशी मी थोडा थांबणार आहे. तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाची खोड, दुसरं काय!

आयझाया बर्लिन यांनी १९५८ साली ऑक्सफर्डच्या व्याख्यानात स्वातंत्र्याचे दोन अर्थ वेगळे केले. एक, दुसऱ्याच्या आडकाठीपासून सुटका. दोन, स्वतःच्या जगण्यावर स्वतःची सत्ता. फ्रीलान्स लेखकाला पहिलं मिळतं. मस्टरवर सही नाही, डोक्यावर साहेब नाही. पण दुसऱ्याचं काय?

आपल्या दापोली तालुक्यातलीच दोन माणसं घेऊ. पालगडचे साने गुरुजी आणि मुर्डीचे श्री. ना. पेंडसे. एकाच्या भावनाशीलतेवर आणि दुसऱ्याच्या प्रादेशिकतेवर भरपूर चर्चा झाली. पण लिहिताना त्यांचं पोट कशावर चाललं, हे विचारणं आपल्या समीक्षेला अजून थोडं असभ्यच वाटतं. माझी तक्रार इथेच आहे. हा प्रश्न टाळला की नवीन लेखकाला वाटतं, लेखन नुसत्या प्रतिभेवर उभं राहतं.

पेंडशांचं बघा. 'गारंबीचा बापू' १९५२चा, 'रथचक्र' १९६२चं. लेखक मुंबईत बेस्टमध्ये नोकरीला. कोकणातलं गाव मराठी कादंबरीत इतकं ठसठशीत आलं, त्यामागे मुंबईच्या बस-ट्राम कंपनीचा पगार होता! 'रथचक्र'मधली बाई मुलांच्या शिक्षणासाठी झुंजते, ती झुंज लेखक सावकाश, दमानं उभी करतो. असा दम धरायला घरात दरमहा पैसे यावे लागतात, असं माझं मत.

गुरुजींची वाट उलटी. १९३० साली त्यांनी अमळनेरच्या शाळेतली नोकरी सोडली आणि सत्याग्रहात उतरले. 'श्यामची आई' त्यांनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पगार नाही, पण संसारही नाही आणि गरजा अगदी मोजक्या. म्हणजे एकानं गरजा भागवण्याची सोय दुसरीकडे केली, दुसऱ्यानं गरजाच कमी केल्या.

आजच्या लेखकाकडे यातलं काय आहे? पगार नाही, आणि घराचा हप्ता व मुलांची फी मात्र आहे. त्याला सल्ला काय मिळतो? रोज लिहा, सगळीकडे दिसा, स्वतःचा ब्रँड करा. हा सल्ला मला अपुरा वाटतो. कारण त्यात माध्यम बदललं की लेखकानं बदलायचं, गिऱ्हाइकाला कंटाळा आला की विषय टाकायचा. साहेब गेला आणि त्याच्या जागी शंभर साहेब आले. ही कसली मुक्ती?

मग सत्ता कशावर ठेवायची? पहिली गोष्ट, हक्कांवर. कॉपीराइट कायदा १९५७चा आहे. फ्रीलान्स लेखकानं लिहिलेल्या मजकुराचा पहिला मालक सर्वसाधारणपणे तो स्वतः असतो. कलम १९ सांगतं, हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखीच हवं. करारात मुदत नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश नसेल तर भारतापुरताच. म्हणूनच 'सर्व हक्क, सर्व माध्यमे, कायमचे' अशी ओळ करारात घातलेली असते. ती वाचल्याशिवाय सही करू नका. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हा हक्क टिकतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांच्या पुस्तकांवरचा हक्क २०१०च्या अखेरीस संपला. एवढी लांब चालणारी मिळकत आपण एका लेखाच्या मानधनात देऊन टाकतो.

दुसरी गोष्ट, विषयावर. कुठल्याही गावाबद्दल चालेल असा गुळगुळीत मजकूर आता यंत्र फुकटात लिहितं. त्याच्याशी दराची स्पर्धा करू नका, हराल. पण हर्णै बंदरावरच्या लिलावात आज भाव का पडला, कृषी विद्यापीठाची शिफारस बागायतदारानं का ऐकली नाही, हे तिथे जाऊन विचारावं लागतं. पेंडशांनी नोकरी मुंबईत केली, पण लिहिण्यासाठी ते या मातीकडेच वळले.

आणि तिसरी, अर्धवेळ नोकरी किंवा बागेचं उत्पन्न असेल तर त्याची लाज बाळगू नका. त्यानं लेखक कमअस्सल ठरत नाही. उलट, एखादं काम नाकारायची ताकद त्यातून येते, आणि नाकारता येणं हीच मुक्ततेची खरी परीक्षा.

आता तुम्ही विचारा. पैशांचे प्रश्नसुद्धा चालतील. आज तेच जास्त हवेत.