वाद्य आणि तारा

मराठी बायबलमध्ये ‘अध्यक्ष’, ‘वडील’ आणि ‘सेवक’ हे शब्द भेटतात. ‘अध्यक्ष’ म्हणजे ग्रीक ‘एपिस्कोपोस’, देखरेख करणारा. त्याच शब्दाचा पुढे ‘बिशप’ झाला. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या 20व्या अध्यायात पौल इफिसच्या वडिलांना बोलावून घेतो आणि त्याच माणसांना एपिस्कोपोसही म्हणतो. ही दोन पदं तेव्हा अजून वेगळी झालेली नव्हती. मग एका मंडळीला एकच बिशप, त्याच्याभोवती वडील, सोबत सेवक, ही रचना इतक्या ठामपणे पहिल्यांदा कुठे दिसते? अंत्युखियाचा बिशप इग्नेशियस याच्या 7 पत्रांत.

परंपरेप्रमाणे ही पत्रं सम्राट ट्रेजनच्या काळातली, म्हणजे दुसऱ्या शतकाच्या आरंभीची. ती एका कैद्यानं लिहिली आहेत. 10 सैनिकांच्या पहाऱ्यात, श्वापदांपुढे टाकलं जाण्यासाठी तो रोमकडे चालला आहे. त्या सैनिकांना तो बिबळे म्हणतो आणि अंगावरच्या साखळ्यांना मोती. 4 पत्रं स्मुर्ण्याहून लिहिलेली, 3 त्रोवसहून. बिशपवाचून बाप्तिस्मा नाही, प्रेमभोजन नाही, हे त्याचं सांगणं आज कानाला कठोर लागतं. मलाही लागलं. पण ते कोण सांगतो आहे, हे विसरून ही पत्रं वाचता येत नाहीत. रोमकरांना तो स्पष्ट सांगतो की पेत्र आणि पौलासारखी आज्ञा मी करत नाही. ते प्रेषित होते, मी शिक्षा झालेला माणूस.

या पत्रांतली माझी सर्वांत आवडती जागा इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात आहे. तिथे तो म्हणतो की तुमचे वडील बिशपशी असे जुळले आहेत, जशा किथारावर तारा. किथारा म्हणजे लाकडी चौकटीवर तारा ताणलेलं, छेडून वाजवायचं वाद्य. या प्रतिमेत बिशप वादक नाही. तारा त्याच्या हातात नाहीत, त्याच्यावर ताणलेल्या आहेत. ज्यानं तंबोरा लावला आहे त्याला हे चटकन कळेल: तारेचा सगळा ताण वाद्याच्या लाकडाला सोसावा लागतो, आणि लाकूड स्वतः होऊन एक सूरही काढत नाही. लगेच पुढे इग्नेशियस सगळ्या मंडळीला गायला बोलावतो. सूर देवाकडून घ्यायचा आणि एका गळ्यानं गायचं. अधिकाराचं वर्णन करायला निघालेला माणूस इथे समूहगानापर्यंत येऊन पोचतो.

फिलदेल्फियाच्या पत्रात हीच प्रतिमा तो पुन्हा घेतो आणि उलटवतो. तिथल्या बिशपाचं नावही तो लिहीत नाही. तो बिशप देवाच्या आज्ञांशी असा जुळला आहे, जसं वाद्य तारांशी. आता तारा म्हणजे आज्ञा, आणि जुळवून घ्यायचं आहे ते बिशपानंच. शिवाय याच बिशपाचं मौन वायफळ बोलणाऱ्यांपेक्षा प्रभावी आहे, असंही तो म्हणतो. इफिसकरांनाही त्यानं बजावलंय की बिशप जितका गप्प दिसेल तितका त्याचा मान अधिक राखा. मॅग्नेशियाच्या पत्रात तर ख्रिस्त हा देवाच्या मौनातून निघालेला शब्द आहे. ही तीन वाक्यं शेजारी ठेवली की गप्प बिशपाला अधिक मान का, हे कोडं माझ्यापुरतं सुटतं. बिशपाच्या गप्प राहण्याची ही सारवासारव नव्हे. त्या मौनामागे इग्नेशियसला देव दिसतो.

स्मुर्ण्याच्या बिशपाला, पॉलिकार्पला, लिहिलेलं पत्र म्हणजे एका बिशपानं दुसऱ्याला दिलेली शिकवण. तिथे सत्तेचे शब्द कमी. जास्त आहेत ती कामं. सगळ्याच जखमांना एकच मलम चालत नाही. ऐरणीसारखा घाव सोसत उभा राहा. विधवांकडे दुर्लक्ष होऊ देऊ नकोस, गुलामांना तुच्छ लेखू नकोस, प्रत्येकाला नावानं शोध. हे ‘नावानं’ मला फार मोलाचं वाटतं. एवढ्या एका शब्दात देखरेखीचा सगळा अर्थ आला. ही पत्रं आपल्यापर्यंत पोचण्यात पॉलिकार्पचा मोठा हात आहे: फिलिप्पैच्या मंडळीनं मागितली तेव्हा जवळची पत्रं त्यानं गोळा करून पाठवली.

आणि रोमकरांचं पत्र? बिशपपदाचा एवढा आग्रह धरणारा हा माणूस रोमच्या बिशपाचा उल्लेखसुद्धा करत नाही. मला वाचवू नका, एवढीच त्याची विनवणी. मग अखेरीला त्याला मागे राहिलेल्या आपल्या सिरियाच्या मंडळीची आठवण येते. तिच्यासाठी प्रार्थना करा, माझ्याऐवजी आता देवच तिचा मेंढपाळ आहे, असं तो लिहितो. आणि ‘एपिस्कोपोस’चंच क्रियापद वापरून पुढे म्हणतो की यापुढे तिची देखरेख एकटा येशू ख्रिस्त करील, आणि तुमची प्रीती.