ज्यूरीची अवज्ञा आणि दोषांचे गणित : ‘यलो कॅब’ निवाड्याची चिकित्सा

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली ‘यलो कॅब’ प्रकरणी दिलेल्या निवाड्याचा निष्कर्ष न्याय्य आहे, याविषयी फारसा मतभेद संभवत नाही. मात्र ज्या युक्तिवादाने तो निष्कर्ष गाठला गेला, त्यातील एक दुवा दिसतो तितका बळकट नाही. आणि तो दुवा ज्यूरीविषयीचा आहे.

लॉस अँजेलिस येथील अल्व्हारादो रस्त्यावर, एका चौकालगत, एक महिला समोरून येणाऱ्या वाहतुकीच्या तीन मार्गिका ओलांडून पेट्रोल पंपाकडे मोटार वळवीत होती. (अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या अंगाने चालत असल्यामुळे तेथे धोक्याचे वळण डावे असते.) त्याच वेळी समोरून एक टॅक्सी दिवा पिवळा असताना चौकात शिरली. तिचा ताशी सुमारे ३० मैलांचा वेग त्या स्थळी असुरक्षित होता, असे प्रथम न्यायालयाने ठरविले. परंतु समोरचे वाहन इतके निकट आले असता वळणे ही वादीचीही हयगय होय, असेही ठरविले. परिणामी वादीच्या पदरी काहीच पडले नाही. कारण वादीचा दोष रतीभर का असेना, त्याचा दावा समूळ बुडतो, असा तेव्हाचा नियम होता. रस्त्यात आडव्या ठेवलेल्या वाशावर घोडा भरधाव घालणाऱ्या स्वाराच्या १८०९ च्या इंग्लिश खटल्यातून हा नियम निघाला. खुद्द इंग्लंडने तो १९४५ साली कायदा करून टाकून दिला.

न्यायमूर्ती सलिव्हन यांनी बहुमताचा निवाडा लिहिताना नियमाच्या अन्यायावर बोट ठेवले, ते योग्यच होय. त्यापुढे त्यांनी असेही दाखविले की, ज्यूरी हा नियम प्रत्यक्षात पाळीतच नाहीत; न्यायाधीशांची सूचना ऐकून घेऊन बंद खोलीत दोन्ही पक्षांचे दोष तोलतात आणि भरपाईची रक्कम त्या मानाने उतरवितात. तेव्हा जे चोरून होते ते उघडपणे व्हावे, हे बरे.

परंतु प्रस्तुत खटला ज्यूरीपुढे चाललाच नव्हता. प्रथम न्यायालयात न्यायाधीश एकटेच बसले होते, आणि म्हणूनच नियम अक्षरशः लागू झाला. या वस्तुस्थितीची निवाड्यात नोंद आहे. तिचा अर्थ मात्र उलगडलेला नाही. नियमाचा काच ज्यूरीच्या अवज्ञेने कोठे सैल होई, कोठे होत नसे. एकाच चौकातील दोन जखमींपैकी एकाला काही मिळे, दुसऱ्याला काहीच नाही, आणि हा भेद त्यांच्या वर्तनातून नव्हे तर न्यायासनाच्या घडणीतून उद्भवे. सुधारणेच्या बाजूचा हा सर्वांत प्रबळ पुरावा न्यायालयाच्या हातातच होता. तरी ज्यूरीच्या सर्वसाधारण सवयीचाच आधार घेतला गेला.

दुसरा प्रश्न टक्क्यांचा. नव्या ‘शुद्ध’ तुलनात्मक पद्धतीनुसार वादीचा दोष ३० टक्के ठरल्यास १,००० डॉलरांच्या हानीबद्दल ७०० डॉलर मिळतात. दोष ९० टक्के असला तरी १०० मिळतातच. पण पिवळ्या दिव्यातून भरवेगाने जाणे आणि अवेळी वळणे, या दोन भिन्न जातींच्या चुका एकाच काट्यावर कशा तोलाव्यात? न्यायालयाने ते बहुतांशी प्रथम न्यायाधीशांच्या विवेकावर सोडले आणि ज्यूरीकडून स्वतंत्र निष्कर्ष मागविता येतील, एवढे सुचविले. भारतात मोटार अपघातांचे दावे ज्यूरीविना, न्यायाधिकरणापुढे चालतात. तेथेही हाच काटा वापरावा लागतो, पण टक्केवारीमागची कारणे न्यायपत्रात लिहावी लागतात आणि अपिलात तपासता येतात. ज्यूरीच्या आकड्याला कारण जोडलेले नसते.

न्यायमूर्ती क्लार्क यांचा विरोध निराळा होता: १८७२ च्या संहितेतील नियम बदलणे हे विधिमंडळाचे काम. सलिव्हन यांचे त्यावरील उत्तर विद्वत्तापूर्ण आहे. पण संहितेच्या शब्दांतून ते इच्छित अर्थ काहीसा ओढून काढते.