फुटले, फोडले, फुटू दिले : अमेरिकन गुन्हेकथा आणि आपत्तिकथा यांचे व्याकरण

१

अमेरिकेच्या गतकाळातील खुनांच्या आणि आपत्तींच्या सत्यकथा हा आज तेथील गद्य वाङ्मयाचा एक मोठा व प्रतिष्ठित विभाग झाला आहे. ग्रंथविक्रेते आणि परीक्षक त्याचे गुन्हेकथा व आपत्तिकथा असे दोन वर्ग करतात. ही विभागणी विषयावरून झालेली दिसते. वस्तुतः ती वाक्यरचनेवरून झालेली आहे. मराठीच्या क्रियापदव्यवस्थेत हा भेद विशेष स्पष्टपणे दिसतो. ‘धरण फुटले’ या वाक्यात धरणापलीकडे कोणाचा शोध घेण्याची गरज उरत नाही. ‘धरण फोडले’ असे म्हणताच मात्र एक कर्ता अध्याहृत राहतो आणि ‘कोणी?’ हा प्रश्न अटळ होतो. आग लागते किंवा लावली जाते. माणसे मरतात किंवा मारली जातात. आपत्तिकथा पहिल्या प्रकारच्या क्रियापदांवर उभी असते, तर गुन्हेकथा दुसऱ्या.

परंतु मराठीत तिसरीही एक रचना आहे: ‘धरण फुटू दिले’. येथे कर्ता आहे, पण त्याने क्रिया केलेली नाही. ती होऊ दिलेली आहे. औद्योगिक अमेरिकेच्या इतिहासातील अनेक मोठ्या मृत्युघटना या तिसऱ्या रचनेत बसणाऱ्या आहेत. प्रश्न असा की, पहिल्या दोन रचनांवर पोसलेल्या या वाङ्मयप्रकाराला तिसरीसाठी कथनरूप सापडले आहे काय? या प्रश्नाच्या उत्तरावर त्याचे नैतिक आणि वाङ्मयीन मूल्य बव्हंशी अवलंबून आहे.

२

या प्रकाराचा उगम धार्मिक आहे. सतराव्या शतकातील न्यू इंग्लंडमध्ये फाशीच्या प्रसंगी प्रवचने होत आणि ती छापली जात. कॉटन मॅदर याने १६९९ मध्ये ‘पिलर्स ऑफ सॉल्ट’ या नावाने फाशी गेलेल्या गुन्हेगारांची वृत्ते एकत्र केली. त्या प्रवचनांतील गुन्हेगार हा श्रोत्यांहून वेगळ्या जातीचा प्राणी नव्हता. प्रत्येक श्रोत्याच्या ठायी असलेले मूळ पापच त्याच्या हातून प्रकट झाले, अशी त्यामागील धारणा होती. कॅरेन हाल्टुनेन यांनी ‘मर्डर मोस्ट फाउल’ (१९९८) या ग्रंथात दाखवून दिल्याप्रमाणे, पुढील शतकभरात ही धारणा ओसरली. गुन्हेगाराला राक्षसाचे रूप आले आणि खून हे उलगडण्याचे गूढ झाले. पापाची जागा रहस्याने घेतली. त्याचा एक परिणाम असा झाला की वाचक दोषाच्या परिघाबाहेर गेला. तो आता केवळ साक्षी आणि आस्वादक उरला.

ही राक्षसकथा किती टिकाऊ आहे हे एच. एच. होम्स याच्या आख्यायिकेवरून दिसते. १८९६ मध्ये फिलाडेल्फियात फाशी गेलेल्या या इसमावर एकाच खुनाचा दोष शाबीत झाला होता. त्याने वृत्तपत्राला मोबदला घेऊन सत्तावीस खुनांचा कबुलीजबाब विकला. त्यांतील काही ‘मृत’ व्यक्ती हयात निघाल्या. तरीही शिकागोतील त्याच्या इमारतीची कथा पुढे वाढतच गेली. एरिक लार्सन यांनी ‘द डेव्हिल इन द व्हाइट सिटी’ (२००३) मध्ये १८९३ च्या जागतिक प्रदर्शनाशी तिची कुशल गुंफण केली आणि काही हत्यांची दृश्ये ज्ञात तपशिलांवरून पुनर्रचित केल्याचे टिपांमध्ये नमूद केले. टीप प्रामाणिक आहे. परंतु दृश्य वाचकाच्या मनात राहते आणि टीप ग्रंथाच्या अखेरीस राहते. कर्ता जितका सर्वशक्तिमान, तितके भोवतीचे शहर निर्दोष, ही या रचनेची खरी सोय आहे.

३

ट्रूमन कपोटी यांच्या ‘इन कोल्ड ब्लड’ (१९६६) या ग्रंथाने राक्षसाला माणूस केले, हे त्याचे श्रेय निर्विवाद आहे. कॅन्ससमधील होलकोम या गावी १५ नोव्हेंबर १९५९ च्या पहाटे क्लटर कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मारेकऱ्यांना ज्या तिजोरीची आशा होती ती घरात नव्हतीच. हाती लागले ते पन्नासपेक्षाही कमी डॉलर. कपोटी यांनी खुनाचे दृश्य आरंभी न देता पेरी स्मिथच्या कबुलीपर्यंत रोखून धरले. ‘कोणी?’ या प्रश्नाचे उत्तर वाचकाला पहिल्यापासून ठाऊक असल्यामुळे ‘का?’ हा प्रश्न कथनाचा कणा होतो. येथे मात्र एक असमतोल उद्भवतो. स्मिथला बालपण, स्वप्ने, अंतर्मन मिळते. क्लटर कुटुंबाच्या वाट्याला बव्हंशी अखेरच्या दिवसाचा तपशील येतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर मारणारे कर्ते राहतात आणि मेलेले कर्म राहतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा निवेदकाविषयी आहे. कपोटी यांनी या प्रकरणासाठी सुमारे सहा वर्षे दिली आणि आरोपींशी दीर्घ संबंध ठेवला. १४ एप्रिल १९६५ रोजी दोघांना फाशी होईपर्यंत ग्रंथ पूर्ण होऊ शकत नव्हता. तरीही संहितेत ‘मी’ कोठेही नाही. सर्वसाक्षी निवेदकामागे एक हितसंबंध असलेला माणूस अदृश्य होतो. ग्रंथाचा शब्द न् शब्द खरा असल्याचा दावा लेखकाने केला होता. परंतु तपास अधिकारी आल्विन ड्यूई आणि मृत मुलीची मैत्रीण यांची स्मशानभूमीतील भेट, म्हणजेच ग्रंथाचा शेवट, कल्पित असल्याचे जेरल्ड क्लार्क यांच्या १९८८ मधील चरित्राने उघड केले.

या कल्पिताबद्दलची टीका सहसा सत्य-असत्याच्या अंगाने होते. समीक्षेच्या दृष्टीने अधिक अर्थपूर्ण आहे ती त्याची जागा. ग्रंथात राज्यसंस्थेने घेतलेले दोन प्राण वर्णिले जातात आणि ‘फाशी देण्यात आली’ या कर्मणि वाक्यात कर्ता पुसला जातो. ‘ही हत्या कोणाची?’ हा प्रश्न जेथे अटळ होतो, नेमक्या तेथे गवत, वारा आणि पुढे चालणारे आयुष्य यांचा सांत्वनपर समारोप अवतरतो. कादंबरीच्या रूपाने वृत्तान्ताला शिस्त दिली; अखेरीस त्याच रूपाने वृत्तान्तातला सर्वात अवघड प्रश्न गिळला.

४

आपत्तिकथेत याच्या उलट घडते. ३१ मे १८८९ रोजी पेनसिल्व्हेनियातील साउथ फोर्क येथील धरण फुटून जॉन्सटाउन शहर वाहून गेले. २,२०९ माणसे मेली. हे धरण पिट्सबर्गमधील धनिकांच्या मासेमारी व शिकार मंडळाच्या मालकीचे होते. अँड्र्यू कार्नेगी व हेन्री क्ले फ्रिक हे त्याचे सभासद. पाणी सोडण्याचे नळ पूर्वीच काढून टाकलेले होते व ते पुन्हा बसविले गेले नाहीत. वाहनांना जाता यावे म्हणून धरणाचा माथा उतरविण्यात आला होता. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या होत्या. तरीही मंडळावर कायदेशीर जबाबदारी निश्चित झाली नाही. पूर ही ईश्वराची करणी मानली गेली.

येथवर हे ‘फुटले’चे सरळ उदाहरण वाटते. परंतु कर्ता हद्दपार केला तरी त्याची कथनातील जागा रिकामी राहत नाही. त्या दिवसांच्या वृत्तपत्रांनी एक गुन्हेकथा रचलीच: हंगेरियन स्थलांतरित मजूर प्रेतांच्या अंगठ्या ओरबाडतात आणि संतप्त नागरिक त्यांना जागच्या जागी ठार करतात. या बातम्या निराधार होत्या. डेव्हिड मॅकला यांच्या ‘द जॉन्सटाउन फ्लड’ (१९६८) या ग्रंथाने अशा दंतकथा बाजूला सारून जाळ्या, नळ आणि माथा यांच्याकडे वाचकाचे लक्ष वळविले. धरणाचे मालक वाक्यातून निसटले आणि त्यांच्या जागी शहरातील सर्वात दुबळा, परभाषी माणूस बसविला गेला, ही घटना या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासकाने विसरू नये. कथेला दोषी लागतोच. खरा मिळू दिला नाही तर ती सोयीचा घेते.

५

‘होऊ दिले’ या रचनेपुढे केवळ कथाकारच अडखळत नाहीत, न्यायालयही अडखळते. २५ मार्च १९११ रोजी न्यूयॉर्कमधील ट्रँगल शर्टवेस्ट कारखान्याला आग लागून १४६ कामगार मेले. त्यांत बहुसंख्य ज्यू आणि इटालियन स्थलांतरित तरुण मुली होत्या. नवव्या मजल्यावरील एक दार बंद होते. मालक मॅक्स ब्लँक आणि आयझॅक हॅरिस यांच्यावर सदोष मनुष्यवधाचा खटला चालला आणि डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले. दार त्या क्षणी कुलूपबंद आहे हे मालकांना ठाऊक होते, असे सिद्ध होणे आवश्यक होते. कायद्याला ‘मारले’ हे क्रियापद समजत होते. ‘मरू दिले’ हे समजत नव्हते.

या खटल्यातील एक प्रसंग कथनमीमांसेच्या दृष्टीने असाधारण आहे. बचावलेल्या केट ऑल्टरमन या कामगार मुलीने आपल्या मैत्रिणीच्या मृत्यूची हकिगत सांगितली. प्रतिपक्षाचे वकील मॅक्स स्टोयर यांनी तिला तीच हकिगत पुनःपुन्हा सांगावयास लावली. प्रत्येक वेळी शब्द, उपमा, क्रम जवळजवळ तेच आले आणि साक्ष पढविलेली असल्याचा संशय पंचांपुढे उभा राहिला. परक्या भाषेत, नव्या देशात, एका भयंकर स्मृतीला तिने एकदा जे रूप दिले ते घट्ट धरून ठेवले असणे सहज शक्य होते; परंतु घडीव रूप हाच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. सत्यकथेच्या ग्रंथात नेमकी उलट रीत चालते: हकिगत जितकी घडीव, तितकी ती खरी वाटते. साक्षीदार मुलीला रूपाबद्दल जी शिक्षा मिळाली, तिच्याबद्दल लिहिणाऱ्या लेखकाला त्याच रूपाबद्दल प्रशंसा मिळते. लिऑन स्टाइन (१९६२) आणि डेव्हिड व्हॉन ड्रेले (२००३) यांचे या आगीवरील ग्रंथ मोलाचे आहेत. आगीच्या वर्णनापुरते न थांबता ते आगीआधीच्या संपाकडे आणि नंतरच्या खटल्याकडे जातात. वर्णनीय क्षणापलीकडे कथनाचा काळ ताणणे, हाच ‘होऊ दिले’ सांगण्याचा पहिला मार्ग होय.

६

दुसरा मार्ग डेव्हिड ग्रॅन यांच्या ‘किलर्स ऑफ द फ्लॉवर मून’ (२०१७) मध्ये दिसतो. १९२० नंतरच्या काळात ओक्लाहोमातील तेलसंपन्न ओसेज जमातीची माणसे विषप्रयोगाने, गोळीने, स्फोटाने मारली गेली. ग्रंथाचा पहिला भाग मॉली बर्कहार्टच्या कुटुंबाचा, दुसरा तपास अधिकारी टॉम व्हाइट यांचा आहे. विल्यम हेल हा सूत्रधार सापडतो, १९२९ मध्ये त्याच्यावर दोष सिद्ध होतो आणि गुन्हेकथा रीतसर पूर्ण होते. त्यानंतर तिसऱ्या भागात लेखक स्वतः ‘मी’ म्हणून प्रवेश करतो आणि त्याला आढळते की हेलशी संबंध जोडता न येणारे असे आणखी कितीतरी मृत्यू आहेत. ओसेज माणसांच्या पैशावर गोऱ्या पालकांची नेमणूक करणारी व्यवस्था, वैद्य, सावकार, अधिकारी यांच्यात कर्ता वाटला जातो. गुन्हेकथेला येथे आपत्तीची व्याप्ती येते, पण आपत्तिकथेची निर्दोषता येत नाही. कपोटी यांनी लपविलेला निवेदक ग्रॅन यांनी प्रकट केला आणि दुसऱ्या भागाचा समारोप पुरेसा नसल्याचे त्याच्या तोंडून वदविले. यालाही मर्यादा आहे: ओसेज जीवनाचा आतून आलेला सूर चार्ल्स रेड कॉर्न या ओसेज लेखकाच्या ‘अ पाइप फॉर फेब्रुअरी’ (२००२) या कादंबरीत अधिक ऐकू येतो.

७

येथे एक आक्षेप संभवतो. दोषाचे माप ठरविणे हे इतिहासकाराचे व न्यायाधीशाचे काम. वाङ्मयाला रसाशी कर्तव्य आहे, असे म्हणता येईल. परंतु रससिद्धान्तच या प्रकाराची अडचण नेमकी दाखवितो. साधारणीकरणात शोक हा ‘माझा’, ‘त्याचा’ किंवा ‘शत्रूचा’ राहत नाही. म्हणूनच तो आस्वाद्य करुण होतो. सत्यकथा मात्र प्रत्येक पानावर बजावते की हा शोक अमक्याचाच आहे. तिला साधारणीकरणाचा आस्वाद हवा असतो आणि विशिष्टाची प्रतिष्ठाही हवी असते. रा. भा. पाटणकरांनी विवेचिलेल्या लौकिकतावादी व अलौकिकतावादी भूमिकांमधील ताण येथे सिद्धान्ताच्या पातळीवर न राहता प्रत्येक परिच्छेदात कार्यरत होतो.

हा ताण मिटवून टाकणारी कृती सामान्य ठरते: ती एक तर बातमी होते किंवा करमणूक. तो जागा ठेवणारी कृती श्रेष्ठ होय. ट्रँगलच्या मृतांपैकी सहांची नावे २०११ पर्यंत अज्ञात होती. संशोधनाने ती निश्चित झाली आणि २०२३ मध्ये त्या इमारतीवर उभारलेल्या स्मारकात सर्व १४६ नावे कोरली गेली. नावांच्या यादीला कथानक नसते, आरंभ-मध्य-अंत नसतो. तिचे साधारणीकरणही सहजी होत नाही. जॉन्सटाउनच्या स्मशानभूमीत साडेसातशेहून अधिक अनोळखी मृतांच्या शिळा कोऱ्या आहेत. सत्यकथेच्या लेखकाला या दोहोंमध्ये लिहावे लागते. वाचकाचा आस्वाद त्याने नाकारावा असे नाही. पण ग्रंथ मिटताना वाचकाच्या मनात ‘कोणी मारले?’ या प्रश्नाचे समाधान तेवढे उरले आणि ‘कोणकोणी मरू दिले?’ हा प्रश्न उमटलाच नाही, तर त्या ग्रंथाने आपली सामग्री वाया घालविली, असेच म्हणावे लागेल.